इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम : कडवंचीचा धडा

जालना जिल्ह्याच्या सीमा कोणत्याही परदेशाला भिडत नाहीत. तरीही दोन देशांनी एकत्र येऊन पाण्याच्या प्रश्नावर काम केल्याचे एक ठळक उदाहरण जालना तालुक्यातील कडवंची या गावात पाहावयास मिळते.

इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागील प्रेरणा फादर हर्मन बाकर यांची. मूळचे स्वित्झर्लंडचे असलेल्या या जेझुइट धर्मगुरूंनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात दुष्काळी गावांसाठी दीर्घकाळ काम केले. १९९२ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या या कार्यक्रमास जर्मन सरकारचे साह्य दोन मार्गांनी मिळे. प्रत्यक्ष कामांचा निधी केएफडब्ल्यू ही विकास बँक 'नाबार्ड'मार्फत देई, तर गावकरी व स्वयंसेवी संस्थांच्या प्रशिक्षणाचा भार जीटीझेड ही संस्था उचले. त्यासाठी १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था स्थापन झाली.

निधीपेक्षा त्यासोबतच्या अटी अधिक महत्त्वाच्या होत्या. गावाने आधी श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, ग्राम पाणलोट समिती नेमावी, असा दंडक होता. लहान क्षेत्रावर गावाची कसोटी लागे. त्यानंतरच पूर्ण प्रकल्प मंजूर होई. प्रत्येक शेताच्या उपचारांचे नियोजन शेतकऱ्यासह बांधावर बसून केले जाई आणि कामे 'माथा ते पायथा' या क्रमाने होत.

कडवंचीत १९९६ च्या सुमारास विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राने हे काम हाती घेतले. समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध यांमुळे वाहून जाणारे पाणी जमिनीत मुरू लागले. कोरडवाहू पिकांच्या जागी द्राक्षबागा आल्या, पाठोपाठ शेततळीही झाली. २०१२ च्या तीव्र दुष्काळात जिल्हा टँकरवर विसंबून असताना कडवंचीच्या बागा तगल्या, तेव्हा राज्याचे लक्ष या गावाकडे वेधले गेले.

मात्र अशा कार्यक्रमांच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. चराईबंदीची झळ सर्वप्रथम बसते ती शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या भूमिहीनांना. बांधांचा लाभ मात्र मुख्यतः जमीनधारकांच्या पदरी पडतो. दुसरा प्रश्न उपशाचा. मराठवाड्यात अनेक ठिकाणी प्लास्टिकचे अस्तर घातलेली शेततळी पावसाच्या पाण्याने नव्हे, तर विहिरी व कूपनलिकांतून उपसलेल्या पाण्याने भरली जातात. सर्वांनी मिळून मुरविलेले पाणी अशा रीतीने एकेकाच्या मालकीचे होते आणि उन्हाळ्यात त्याची वाफही होते. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहिरी घेण्यास मनाई केली. पण गावोगावी तिची अंमलबजावणी करणे सोपे नाही.

१९९९-२००० मध्ये केंद्र सरकार व 'नाबार्ड' यांनी २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभारला, त्यामागे या कार्यक्रमाचाच अनुभव होता. परदेशी साह्याची मुदत संपते, बांध मागे उरतात. त्या बांधांमागचे पाणी किती जणांना आणि किती वर्षे पुरेल, हे मात्र गावाने स्वतःवर घातलेल्या बंधनांवरच अवलंबून राहील. भूगर्भातील पाण्याला सातबाऱ्याच्या हद्दी ठाऊक नसतात. म्हणूनच दोन देशांतील करारापेक्षा दोन शेजाऱ्यांतील करार अधिक अवघड आणि अधिक निकडीचा आहे.