तारेवरचा शंख आणि टाकून दिलेला दात

इथून भुकूमहून ताम्हिणी घाट उतरला की कोकण, आणि पुढे अरबी समुद्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या समुद्रात तारायंत्राच्या केबलींची दुरुस्ती चाले. तारेबरोबर वर येणारे शंख कॅप्टन टाउनसेंड जपून ठेवत. त्यातल्या एका उंच, जाळीदार नक्षीच्या कोनस शंखाला मेलव्हिल आणि स्टँडन यांनी १८९९ मध्ये ‘क्लायटोस्पायरा’ म्हटलं. पण जूसोम यांनी १८९४ मध्येच या जातीला मिल्न-एडवर्ड्स यांचं नाव दिलं होतं; तेच टिकलं.

आता गंमत बघा. भांडण नावाचं, आणि नाव शंखावरून! संग्राहक शंख साफ करतो तेव्हा आतला जीव फेकला जातो, आणि त्याबरोबर दातही. आपल्या बागेतल्या गोगलगाईच्या जिभेवर कानशीसारखी दातांची पट्टी असते. कोनसमध्ये मात्र दात सुटा, गुंडाळून पोकळ झालेला, म्हणजे विषाची सुईच. एकदा मारली की संपली. पिशवीत पुढच्या तयार असतात. मासे खाणाऱ्यांच्या सुईला गळासारखा आकडा असतो, किडे खाणाऱ्यांची बहुधा आखूड. म्हणजे दात पाहिला तर जेवण कळतं, शंखावरून ते नेमकं कळत नाही.

डेन्मार्कच्या बर्घ यांनी १८९५ मध्येच हे दात तपासून मांडले होते. तरी यातल्या काही जाती मासे खातात, हे ॲलन कोन यांनी दाखवलं ते १९५६ मध्ये! टाउनसेंडच्या तारेवरची ती जात भारतात २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आली.