टिकते ते काय? – लेणी, घर आणि आपले विहार



वर्धापनदिन जवळ आला की विहारात एक चर्चा हमखास निघते. कुणी म्हणतं, वर एक मजला चढवू. कुणी म्हणतं, खाली चकचकीत ग्रॅनाइट बसवू. तरुण मंडळी म्हणतात, सभागृहाला एसी पाहिजे. अलीकडे या चर्चेत आणखी एक शब्द येऊन बसला आहे, 'शाश्वत बांधकाम'. बांधताना आणि वापरताना पाणी, वीज, माती, लाकूड कमी खर्ची पडावे, पुढच्या पिढीच्या वाट्याचे आपण खाऊन टाकू नये, असा त्याचा अर्थ. हेतू चांगलाच आहे. पण आपण बुद्धाचे अनुयायी. जे जे घडवलेले आहे ते ते अनित्य, हे आपण जाणतो. मग विटा-सिमेंटची इमारत शाश्वत कशी होईल? म्हणून आम्ही येथे 'टिकाऊ' हा आपला साधा शब्द वापरतो.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले, हे आपणास माहीत आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः तपासा, हिताचे असेल तर स्वीकारा. हीच कसोटी घराला आणि विहाराला लावली तर काय दिसते, ते पाहू.

विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळ त्याने गवताची कुटी बांधली. गवत-लाकूड गोळा करणाऱ्यांनी ती मोडून नेली. असे तीनदा झाले. मग त्याने आपली जातीची कला वापरली. सगळी कुटी मातीची केली आणि गवत, लाकूड, शेण रचून ती भाजून काढली. लालभडक, देखणी, मजबूत कुटी झाली. तथागतांनी ती पाहिली आणि मोडून टाकायला सांगितली. का? ती भाजताना किती जीव होरपळले असतील, याचा धनियाने विचार केला नव्हता. पुढे याच धनियाने राजाच्या राखीव लाकडाला हात घातला आणि त्यावरून चोरीविरुद्धचा नियम झाला. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच प्रश्न विचारला गेला होता : इमारत मजबूत आहे हे खरे, पण ती कशाच्या आणि कुणाच्या जिवावर उभी आहे?

दुसरी कथा कोसंबीची. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हे करणार काय? त्याने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? अंथरुणावर घालू. ती फाटल्यावर? गादीच्या खोळी करू, मग जमिनीवर अंथरू, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी. आणि अगदी चिंध्या झाल्यावर त्या मातीत कालवून जमीन लिंपू. राजा निरुत्तर झाला, त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आपल्या पेठेत ज्यांनी माग चालवला त्यांना धाग्याची किंमत सांगायला नको. आपल्या आजीने जुन्या लुगड्याची वाकळ शिवली, तेव्हा तीही याच वाटेवर होती.

आता लेण्यांकडे वळू. मुंबईजवळच्या कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. तिकडे सहल गेली की आपण मूर्ती बघतो, फोटो काढतो आणि परततो. पण पायाखालच्या कातळात कोरलेल्या बारीक पन्हळी किती जण बघतात? पावसाचे पाणी त्या पन्हळींतून टाक्यांत उतरते आणि भर उन्हाळ्यातही डोंगरावर पाणी मिळते. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने दिलेल्या पोढीची नोंद तेथे आजही वाचता येते. चैत्य मोठ्यांनीच दिले आणि सामान्य माणूस कोरडा राहिला, असे नाही. ज्याला जे जमले ते त्याने दिले.

नाशिकच्या लेण्यांतला एक लेख तर आम्हा सोलापूरकरांनी पाठच करावा. नहपान राजाचा जावई उषवदात याने लेणे कोरून दिले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, लेखाच्या भाषेत 'कोलिक निकाया'कडे, त्याने २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण व्याजाने कायमचे ठेवले. मुद्दल मोडायचे नाही. पहिल्या व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्खूंना वर्षाला प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशोब करून पाहा, वर्षाचे २४० बरोबर येतात. इमारत दगडाने टिकते हे अर्धेच खरे. तिची पुढची व्यवस्था कोण पाहणार, हे आधी ठरले तर ती टिकते. आणि तो विश्वास विणकरांवर टाकलेला होता!

येथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे जुने ते सोने. नाही, तेही तपासले पाहिजे.

आपल्या भागातले जुने घर म्हणजे माळवदाचे. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर, धूर जायला साणे. सोलापूरच्या उन्हात असले घर दुपारी गार राहते, कारण जाड मातीतून उष्णता हळूहळू आत येते. म्हणून आज शहरातले लोक मातीच्या घराचे गोडवे गातात. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण विसरलो का? किल्लारी-सास्तूर भागात तेव्हाच्या लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चढवलेल्या मातीने छत जडशीळ झाले होते. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडांना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसताच भिंत दोन्हीकडे फुटली आणि वरचा भार खाली आला. हलक्या कुडाच्या झोपड्यांतली माणसे त्या मानाने वाचली. दोष मातीचा नव्हता, विचार न करता चालू ठेवलेल्या पद्धतीचा होता. आरपार दगड, भिंतीत आडवा पट्टा आणि हलके छत असते तर तेच घर उभे राहिले असते.

त्यानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. भिंती भूकंपाला टिकतील अशा झाल्या, हे मान्य केलेच पाहिजे. पण घराचे माप कशावर ठरले? जमिनीवर. भूमिहीन आणि अगदी थोड्या जमिनीच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन मिळू दिली नाही, त्यांनाच घरही लहान! घर भूकंपाला टिकाऊ झाले, पण विषमताही तेवढीच टिकाऊ करून दिली गेली. टिकाऊपणाच्या हिशोबात हा रकाना कुणी धरत नाही, म्हणून आपण धरला पाहिजे.

आणि नव्याचे काय? भवानी पेठेत आज पत्रा आणि स्लॅब, दोन्ही आहेत. पत्रा दुपारी भट्टीसारखा तापतो, पण रात्री लवकर निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि रात्री, आपण पाठ टेकली की, ते परत करतो. मग पंखा, कूलर, एसी आणि विजेचे बिल. एसी आतली हवा गार करतो आणि गरम हवा शेजाऱ्याच्या खिडकीत सोडतो. हा कसला धम्म? उपाय फार महागही नाहीत. स्लॅबवर दरवर्षी चुन्याचा पांढरा हात, नाहीतर पांढऱ्या चिनी तुकड्यांची फरशी. समोरासमोर खिडक्या. पश्चिमेच्या भिंतीला आडोसा, दारात एक लिंब. गच्चीचे पाणी गटारात न सोडता टाकीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात. वास्तुशास्त्राच्या नावाखाली दार हलवायला सांगणारे घरोघर फिरतात, त्यांच्या नादी लागू नये. दिशेचा विचार जरूर करावा, पण तो उन्हाचा आणि वाऱ्याचा, नशिबाचा नव्हे.

आपल्या शहराचीच एक आठवण सांगून लेख आटोपतो. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढले. बाबासाहेबांच्या चळवळीतले ते सुरुवातीचे काम. तेथे संगमरवर होता का, हे आज कुणी विचारत नाही. तेथे मुले शिकली, त्यांची मुले शिकली, एवढेच आपण विचारतो. ती इमारत जे देऊन गेली, ते आपल्या घराघरांत आहे.

म्हणून विहाराच्या बैठकीत पुढचा ठराव मांडण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे बांधकाम कुणाच्या जिवावर उभे राहणार? यात सर्वांत गरीब उपासिका, मूल आणि म्हातारे माणूस सुखाने बसू शकेल का? आणि दहा वर्षांनी याची देखभाल कोण करणार, त्याचा पैसा आज कुठे ठेवला आहे? तिन्हींची उत्तरे पटली तर खुशाल बांधावे. नाही पटली तर तेच पैसे अभ्यासिकेतल्या पुस्तकांना आणि गच्चीच्या चुन्याला द्यावेत. स्लॅब एक दिवस जाणारच आहे. तो आहे तोवर त्याच्या सावलीत कोण बसले, हेच मागे उरेल.

नमो बुद्धाय! जयभीम!