एक यकृत, दोन रुग्ण

मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याची (१९९४) प्रस्तावना उघडली, की तीन राज्यांची नावे दिसतात : गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, म्हणून या तिन्ही विधिमंडळांनी ठराव केल्यावरच संसदेला हा कायदा करता आला. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो येथे लागू झाला. मूत्रपिंडांच्या बाजाराला आळा घालणे हा त्याचा उघड हेतू होता. पण त्याने मेंदूमृत्यूलाही मान्यता दिली आणि मृत दात्याच्या यकृताचा मार्ग खुला झाला.

दाते मात्र मोजकेच राहिले. बालकांची अवस्था तर अधिकच बिकट, कारण प्रौढाचे अख्खे यकृत त्यांच्या पोटात मावत नाही.

या कोंडीची किल्ली शरीररचनाशास्त्राने आधीच घडवली होती. फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ खंड मांडले. प्रत्येकाचा रक्तपुरवठा वेगळा, पित्तनलिका वेगळी. म्हणजे हा अवयव विभागता येतो! १९८४ मध्ये अँरी बिस्म्यूत यांनी प्रौढाचे यकृत छाटून बालकाला बसवले. पण उरलेला भाग वायाच जाई. टंचाई मिटली नाही, ती केवळ मुलांकडून प्रौढांकडे सरकली. १९८८ मध्ये हॅनोव्हरला रुडॉल्फ पिश्लमायर यांनी एकच यकृत दोन रुग्णांना वाटले, तेव्हा कुठे हिशेब खऱ्या अर्थाने बदलला.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे. जुलै १९८९ मध्ये ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी एका जपानी मातेच्या यकृताचा तुकडा तिच्या तान्ह्या मुलाला यशस्वीपणे बसवला. मेंदूमृत्यूचा कायदा नसल्याने त्या कुटुंबाला मायदेशी दाता मिळणे दुरापास्त होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत भारतातील बालकावरचे पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले, तेही पित्याच्या यकृतातूनच.

प्रौढ रुग्णाला मात्र लहान तुकडा पुरत नाही. बहुधा उजवा, मोठा भाग काढावा लागतो. उरलेले यकृत काही आठवड्यांत पुष्कळसे वाढते, हे खरे. तरीही निरोगी माणसावर चालवलेली ही सुरी आहे, आणि दाते दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. 'दाता मायेने देतो' एवढे म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

२०११च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडे 'निकटचे नातेवाईक' ठरली, शिवाय अदलाबदलीलाही परवानगी मिळाली : रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांनी एकमेकांच्या रुग्णाला दान करायचे. अशा वेळी चारही शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी होतात, म्हणजे आपला रुग्ण वाचल्यावर कोणालाही ऐनवेळी माघार घेता येत नाही.