कपाळावरचा पांढरा ठिपका

तुळजापुरात राजे शहाजी महाद्वाराकडे जाणाऱ्या वाटेवर दुकानांतून ढीग रचलेले दिसतात ते दोनच रंगांचे, हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल. गाभाऱ्यातली भवानी काळ्या पाषाणाची. पांढरे म्हणावे असे या वाटेवर काही असेल, तर आराध्यांच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळा. लग्न झाल्यावर अंगाची हळद उतरायच्या आत जोडपे कुलस्वामिनीच्या दर्शनाला येते, आराधिणी कपाळभर मळवट भरतात, सीमोल्लंघनाला पालखीवर कुंकवाची उधळण होते. या साऱ्या आचारांत त्वचेवर रंग चढवला जातो. असलेला रंग काढून घेण्याचा विधी त्यांत कुठेच नाही. तरीही गोरेपणाच्या मलमांची जाहिरात गेली कित्येक दशके हळदीचे आणि उटण्याचे नाव घेऊन होते, जणू हा धंदा आजीच्या सहाणेवरून उतरून आला आहे. वंशावळ तशी नाही. त्वचेचा रंग घालवणाऱ्या रसायनांच्या एका मोठ्या कुळाचा उगम कारखान्यातल्या एका इजेत आहे, आणि त्या इजेची खूण आपल्याकडे बायकांच्या कपाळावरच उमटली. ती खूण नीट वाचली, तर ही रसायने गुणकारी आहेत का आणि निर्धोक आहेत का, हे दोन प्रश्न वेगळे राहत नाहीत.

आधी कुंकवाचे पाहू. जुन्या रीतीने कुंकू हळदीचेच करत. हळकुंडांना लिंबाचा रस, सवागी आणि तुरटी यांची पुटे द्यायची, ती लाल झाली की सावलीत वाळवून कांडायची आणि वस्त्रगाळ करायची. हळदीतला पिवळा घटक लिंबाची आंबटी आणि सवागीतला बोरॉन यांच्या संगतीने लाल होतो, एवढेच त्यातले रसायनशास्त्र. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातले केम हे गाव या धंद्यासाठी नावाजलेले. पूजेपुरती वापरायची स्वस्त लाल भुकटी ती पिंजर, आणि कपाळाला लावायचे ते कुंकू, हा भेद घरोघरी माहीत होता. कृत्रिम लाल रंग स्वस्त झाले तशी ही रेघ पुसट होत गेली. त्या रंगांनी कित्येकींच्या कपाळाला खाज सुटते आणि मागे काळपट डाग राहतो; त्वचारोगतज्ज्ञांच्या लिखाणात या विकाराची नोंद आहे. कायद्याने कुंकवाची भुकटी हे प्रसाधन मानले जाते आणि तिला मानक ठरवून दिलेले आहे, पण जत्रेत कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या लाल भुकटीला मानक विचारतो कोण?

पूर्वी बायका कपाळाला मेणाचे बोट लावून त्यावर कुंकू टेकवत. मेणाची जागा चिकट टिकलीने घेतली आणि घाम, ओघळ, पुसले जाण्याची धास्ती, सगळेच मिटले. सोय मोठी होती, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मात्र काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल या रसायनापासून केलेली राळ असे, आणि रोज त्याच जागी टिकली लावणाऱ्या काही बायकांच्या कपाळावर नेमका टिकलीएवढा पांढरा ठिपका उमटू लागला. वैद्यकात त्याला टिकलीचे नावच मिळाले. घरात मात्र तो कोड म्हणून लपवला गेला, आणि ज्या समाजात कोडाच्या संशयावरून सोयरिकी मोडतात तिथे हा लहान घाव नव्हता.

हा ठिपका का पडतो, याचे उत्तर थेट 1939 सालाकडे नेते. त्या वर्षी अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यातील कामगारांचे हात पांढरे पडल्याचे ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन यांनी प्रसिद्ध केले. दोष निघाला रबरी हातमोज्यांचा. रबर टिकावे म्हणून त्यात हायड्रोक्विनोनचे मोनोबेंझिल इथर मिसळले होते. हायड्रोक्विनोन, त्याचे हे भावंड आणि टिकलीच्या डिंकातले फिनॉल हे सारे एकाच कुळातले. त्वचेतल्या रंगपेशी टायरोसिन नावाच्या द्रव्यापासून रंग बनवतात. या फिनॉलांची घडण टायरोसिनसारखी असल्याने पेशी फसते, त्यांनाच कच्चा माल समजून कामाला लागते, आणि तयार झालेल्या विषारी पदार्थाने स्वतःच निकामी होते. म्हणजे रंग ‘उजळत’ नाही, रंग बनवणारा कारागीर मरतो. पुढे अंगभर पसरलेल्या कोडात उरलीसुरली रंगीत त्वचाही पांढरी करण्यासाठी मोनोबेंझोन औषध म्हणून वापरात आले, तेही हा परिणाम कायमचा असतो हे मान्य करूनच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हा जुना, अडाणी काळ झाला. आता तपासण्या होतात, परवाने लागतात. त्याला उत्तर जपानने दिले. कानेबो कंपनीने ऱ्होडोडेन्ड्रॉल हे नवे उजळवणारे द्रव्य सरकारी मान्यता घेऊन बाजारात आणले. 2013 च्या जुलैत ती सगळी उत्पादने परत बोलवावी लागली, कारण सुमारे 8 लाख वापरकर्त्यांपैकी 19,000 हून अधिक लोकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उठले होते. द्रव्य त्याच फिनॉल कुळातले. हातमोजा, टिकली आणि जपानी मलम यांत चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर आहे, पण पेशीची फसगत तीच. पहिल्या दोन ठिकाणी तिला इजा म्हटले, तिसऱ्या ठिकाणी विक्रीचा गुण.

हायड्रोक्विनोनच्या अतिवापराचे परिणाम दक्षिण आफ्रिकेने पाहिले. उजळ होण्यासाठी वर्षानुवर्षे मलम फासणाऱ्यांच्या गालांवर निळसर-काळे, कधीच न जाणारे डाग पडतात, हे तिथे 1975 मध्ये फिंडले यांनी नोंदवले. युरोपने 2001 मध्ये हायड्रोक्विनोन त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांतून काढले. पारा त्याहून जुना आणि अधिक दगाबाज. तो रंग बनवणाऱ्या विकरातले तांबे बाजूला सारून त्याचे काम थांबवतो, म्हणून मलम खरोखर ‘लागू पडते’, आणि त्वचेतून आत शिरून मूत्रपिंड बिघडवते. अकोल्यातल्या एका घरातली आई आणि दोन मुली अशाच मलमाने मूत्रपिंडाच्या विकारात सापडल्या; मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा मलमात पारा निघाला. 2023 च्या आरंभी ही बातमी महाराष्ट्रभर वाचली गेली. पुढच्या वर्षी केरळातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या 22 रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या 15 जणांत एकाच प्रकारची प्रथिनखूण होती आणि त्या पंधरांपैकी 13 जण गोरेपणाचे मलम वापरत होते. पाऱ्याबाबतच्या मिनामाता करारावर भारताने 2018 मध्ये शिक्कामोर्तब केले, 2020 च्या प्रसाधन नियमांतही पाऱ्याला मज्जाव आहे. बिननावाच्या डबीला यातले काहीच ठाऊक नसते. आणि मेडिकलमधून चिठ्ठीविना मिळणारी स्टिरॉइडची ट्यूब? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण स्टिरॉइड फासत होते. कृत्रिम कुंकवाने काळवंडलेले कपाळ उजळवायला याच ट्यूबकडे हात जातो. आठवड्यात उजळ दिसते, काही महिन्यांत त्वचा पातळ आणि लालबुंद होते, आणि ट्यूब थांबवली की आग उसळते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. वांगावर त्वचारोगतज्ज्ञ स्वतःच हायड्रोक्विनोन देतात, मग ते विष कसे? ते देतात हे खरे, आणि योग्यच आहे. पण ठरावीक मात्रेत, मोजक्या महिन्यांसाठी, फक्त डागावर, उन्हापासून जपायला सांगून. तिथे उद्देश मूळ रंग परत आणण्याचा असतो. जन्माचा रंग बदलण्याचा नसतो. शिवाय उन्हाची काळजी सुटली की वांग बहुधा परततो. निकोटिनामाइडसारखी सौम्य द्रव्येही आहेत. 1975 साली आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चा आधार तेच होते. ते पेशी मारत नाही, तयार रंगाची वाहतूक फक्त मंदावते. म्हणून ते बऱ्यापैकी निर्धोक, आणि म्हणूनच त्याचा परिणाम बेताचा. जाहिरातीतल्या मुलीची पायरीपायरीने उजळत जाणारी चित्रे त्याने साधत नाहीत. 2020 मध्ये कंपनीने नावातला ‘फेअर’ काढला. डबीतल्या द्रव्याची कुवत तेवढीच आहे.

गोरेपणाची हाव आपलीच जुनी आहे, तिचे खापर मलमांवर का फोडता, असेही कोणी विचारेल. हाव जुनी आहे हे नाकारता येत नाही. काळ्या देवीपुढे आणि सावळ्या विठ्ठलापुढे माथा टेकवून घरी गोरी सून शोधणारा समाज आपलाच आहे. पण हळद त्या हावेची साक्षीदार होत नाही. प्रयोगशाळेतल्या पेशींवर तिचा घटक रंग थोडा रोखतो, परंतु तो त्वचेत फारसा शिरत नाही आणि उन्हात लवकर विटतो. नवरीच्या अंगावर चार दिवस राहतो तो पिवळेपणा, आणि लोकांना तोच हवा असतो. मुंबईत 1919 साली निघालेल्या ‘अफगाण स्नो’पासून शतकभर हाव आणि रसायन यांची गाठ बाजाराने घातली, हळदीचे नाव नंतर चिकटवले गेले.

तुळजापुराहून कुंकू आणाल तेव्हा सुट्या पुडीऐवजी उत्पादकाचे नाव-पत्ता आणि परवाना क्रमांक छापलेली डबी घ्या. टिकलीखाली पांढरा ठिपका दिसला, तर त्यावर मोठी टिकली लावून तो झाकू नका. ती टिकली लगेच बंद करा आणि कपाळ त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. वेळीच थांबलेल्या काहींचा रंग हळूहळू भरून येतो, काहींचा येत नाही.