फरशीतले झाड

कर्जत म्हटले की मुंबईचे पाहुणे घाटाखालचे, रेल्वेचे कर्जत समजतात. आमचे कर्जत नगर जिल्ह्यातले. आता अहिल्यानगर म्हणायचे. इथला दगड काळा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात शंखशिंपले कुठले? पण आमच्या ओसरीवर करड्या शहाबादी फरश्या आहेत, आणि त्यांतल्या एकीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी उमटली आहे. "पाहा, दगडात गोठलेले झाड!" असे मी पंधरा वर्षे पोरांना सांगत आलो.

गेल्या दिवाळीत भूगर्भशास्त्र शिकणारा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. हातात चकली, नजर फरशीवर. म्हणाला, "गुरुजी, रागावू नका, पण हे झाड नव्हे. थरांच्या फटीत पाणी झिरपले आणि त्यातले मँगनीज असे फांद्या फुटल्यासारखे साचले."

रागावलो नाही म्हटले तर ते खोटे होईल. पण मग रात्री उशिरापर्यंत मीच त्याला प्रश्न विचारीत बसलो.

शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यात. तिथला चुनखडक ज्या खडकमालिकेतला, तिला नाव आपल्या भीमेचे. आमच्या तालुक्यातल्या सिद्धटेकाला वळसा घालून जाणारी भीमा पुढे त्याच मुलुखातून वाहते. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली या खडकांचे वर्णन छापले. त्याआधी, १८७१ मध्ये, मुंबईची आगगाडी शहाबादवरून रायचूरला पोचली होती. फरशी दूरवर जाण्याची वाट अशी मोकळी झाली.

उथळ समुद्राच्या तळाशी चुना थरावर थर साचला, म्हणून हा दगड फळीसारखा सुटतो. आपला काळा लाव्हा त्यावर फार उशिरा पसरला. समुद्राचा तळ, मग त्यात शिंपले का नाहीत? कारण कवचाचे प्राणी पृथ्वीवर आले सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी, आणि हा दगड त्याहून जुना! याच मालिकेत चुआरिया नावाचे अवशेष मिळाले आहेत; कोळशाच्या इवल्या गोल चकत्याच जणू. जमिनीवर तेव्हा नेचे नव्हते, गवताची काडीसुद्धा नव्हती.

सुटीनंतर वर्गात मी चूक कबूल केली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "गुरुजी, मग आमच्या दादाला कोण सांगणार? त्याला तुम्ही झाडच शिकवलंय."

त्याचा दादा दिवाळी अंक वाचतो, असे कळले. म्हणून हे इथे लिहिले.