शंभर दिवसांचा पहारा

इतिहास लिहिणाऱ्यांस आरंभाचा दिवस टिपण्याची हौस असते. त्यानंतरच्या रात्री मात्र त्यांच्या लेखणीतून निसटतात. आमच्या भिलाईचेच उदाहरण घ्यावे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, हे पोलाद कारखान्याच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे. ती भट्टी निवू नये म्हणून तिन्ही पाळ्यांत जागलेल्या कामगारांची नावे मात्र त्या इतिहासात शोधून सापडावयाची नाहीत. वैद्यकाच्या इतिहासातही हाच न्याय चालतो. अस्थिमज्जारोपण, ज्यास हल्ली मूलपेशीरोपण असेही म्हणतात, त्याची कथा सांगताना रोपणाचा दिवस सांगितला जातो. परंतु आमच्या मते त्या कथेचा खरा गाभा त्यानंतरच्या पहाऱ्यात आहे.

हाडांच्या पोकळीतील मऊ गर म्हणजे अस्थिमज्जा. रक्तातील सर्व पेशी तेथेच जन्मतात. रक्ताच्या कर्करोगात हे उगमस्थानच नासते. म्हणून तीव्र औषधांनी, कधी किरणांनी, ती मज्जा जवळजवळ नाहीशी करावयाची आणि जुळणाऱ्या दात्याची मज्जा रक्तासारखी शिरेतून द्यावयाची, असा हा उपचार आहे. नवी मज्जा हाडांत जाऊन रुजते. पण ती कामास लागेपर्यंत साधारणतः दोन ते चार आठवडे जातात. तोवर शरीराचे रक्षण करणाऱ्या श्वेतपेशी रक्तात जवळजवळ नसतातच. औषधांनी तोंडाची व आतड्यांची आतली त्वचा सोलवटलेली असते. एरवी तेथे निमूटपणे राहणारे जीवाणू त्या वाटेने थेट रक्तात शिरतात. यातील कठीण भाग असा की, पू होणे वा सूज येणे हेही श्वेतपेशींचेच काम असल्यामुळे शत्रू आत आल्याची खूण दिसत नाही. पुष्कळदा ताप ही एकच वर्दी असते. म्हणून ताप दिसताच, रक्ततपासणीच्या निकालाची वाट न पाहता, प्रतिजैविक सुरू करावयाचे, हा नियम ठरला. त्या नियमामागे अनेकांचे मरण आहे.

१९५७ साली अमेरिकेत ई. डोनॉल थॉमस आणि त्यांचे सहकारी यांनी सहा रुग्णांना मज्जा दिल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दोघांत ती थोडा काळ रुजली. दीर्घकाळ जगले कोणीच नाही. पुढील दशकात जगभर सुमारे दोनशे रोपणे झाली आणि १९७० साली त्यांचा आढावा घेतला गेला, तेव्हा जवळजवळ सर्व रुग्ण दगावलेले आढळले. कोणाची मज्जा रुजली नव्हती, कोणावर दात्याच्या पेशींनीच हल्ला चढविला होता, तर कोणास जंतुसंसर्गाने गाठले होते. अनेकांनी हा मार्ग सोडला. थॉमस यांनी सोडला नाही. १९७७ साली त्यांनी सिएटल येथील शंभर रुग्णांची हकीकत मांडली. इतर उपायांनी आशा न उरलेल्या त्या शंभरांपैकी तेरा जण रोगमुक्त जगत होते. तेरा हा आकडा लहान खरा. परंतु पूर्वी तेथे बहुधा शून्य असे. १९९० साली थॉमस यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

या काळात शत्रूही बदलत गेला. प्रतिजैविकांनी जीवाणू थोपवावेत, तो बुरशीने डोके वर काढावे. तिचे अदृश्य बीजाणू हवेतून फुप्फुसात जातात. ते अडविण्यासाठी रुग्णाच्या खोलीतील हवा अतिसूक्ष्म गाळणीतून सोडू लागले. गंमत अशी की, ही गाळणी १९४०च्या दशकात अणुबाँबच्या प्रकल्पात किरणोत्सारी कण पकडण्यासाठी घडविली गेली होती. संहाराच्या कारखान्यातील साधन अशा रीतीने जीव राखण्याच्या कामी आले. १९९२च्या सुमारास फ्लुकोनॅझोलसारखे औषध आधीपासूनच देण्याचा उपयोग सिद्ध झाला. तिसरा शत्रू विषाणू. सायटोमेगॅलो नावाचा विषाणू आपल्या देशातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात निद्रिस्त असतो. रोपणानंतर तो जागा झाला आणि फुप्फुसात उतरला की पूर्वी बहुतेक रुग्ण हाती लागत नसत. १९९१च्या सुमारास गॅन्सिक्लोविर हे औषध, लक्षणांची वाट न पाहता, विषाणूची चाहूल लागताच देण्याची पद्धत आली आणि चित्र पालटले. २०१७ साली लेटरमोविर हे सौम्यतर औषध त्याच्या जोडीला आले.

आपल्या देशात या उपचाराचा पाया मुंबईत घातला गेला. १९४१ साली स्थापन झालेल्या आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात, मार्च १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. बालपणीच्या पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या या वैद्याचे नाव इतिहासाने ठेवले, हे उचितच झाले. परंतु अशा रुग्णाच्या खोलीत शिरताना प्रत्येक वेळी हात धुणाऱ्या परिचारिकेचे, फरशी पुसणाऱ्या सेवकाचे आणि पाणी उकळून देणाऱ्या आईचेही त्या यशात देणे आहे.

आज या पहाऱ्यास नवे भगदाड पडले आहे, आणि ते आपणच पाडले आहे. आपल्याकडील मोठ्या रुग्णालयांत प्रबळ समजल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांनाही न जुमानणारे जीवाणू आढळतात. साध्या सर्दीपडशासाठी दुकानातून परस्पर प्रतिजैविक घेणारा मनुष्य स्वतःपुरतेच औषध घेत नाही. ज्याच्या अंगी एकही श्वेतपेशी नाही अशा अनोळखी रुग्णाच्या हातचे शस्त्र तो बोथट करीत असतो.

भिलाई-तीनसारख्या रेल्वे यार्डालगतच्या वस्तीतून मुंबईस जाणे म्हणजे हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास. तेथे कित्येक महिने काढून रुग्ण परततो, तेव्हा संकट टळले असे आपण धरून चालतो. पहिल्या शंभर दिवसांत धोका अधिक, हे खरे. पण प्रतिकारशक्ती पूर्ववत व्हावयास वर्ष-दोन वर्षेही लागतात. लहानपणी टोचलेल्या लसींची आठवणदेखील रक्तातून पुसली गेलेली असते. त्या पुन्हा, नवजात बालकाप्रमाणे, क्रमाने टोचाव्या लागतात. अशा वेळी ओल धरलेली भिंत, शेजारच्या बांधकामाची धूळ, उघड्यावरचे खाणे यांपासून त्यास जपावे लागते. आणि सर्वांत अवघड म्हणजे आपल्या प्रेमापासून जपावे लागते. आजारातून उठलेल्या माणसास पाहावयास सहकुटुंब जाणे ही आपली रीत आहे. दारातून परत पाठविले तर आपण रुसतो.

रुग्णालयातील पहारा उठतो तो संपतो म्हणून नव्हे. तो घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या स्वाधीन होतो म्हणून. खोकला असताना आपण त्या घरी गेलो नाही, हे कोठेही नोंदले जाणार नाही. तरी त्या रुग्णाच्या वाचण्यात आपला तेवढा वाटा असेल.