प्रश्न विचारणारा वर्ग : माळव्यातील विज्ञानशिक्षणाचा प्रयोग

पवार घराण्याची संस्थाने म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले माळव्यातील धार आणि देवास हे जिल्हे विज्ञानशिक्षणाच्या एका दीर्घ प्रयोगाचेही साक्षीदार आहेत. 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' हे त्याचे नाव. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी हा कार्यक्रम १९७२ मध्ये होशंगाबाद (आजचा नर्मदापुरम) जिल्ह्यातील १६ शाळांत सुरू झाला. 'किशोर भारती' आणि रसूलिया येथील 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांचा त्यात पुढाकार होता. १९७८ मध्ये तो जिल्हाभर लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे तो धार व देवाससह इतर जिल्ह्यांत नेला.

या वर्गांत व्याख्यानाची जागा कृतीने घेतली. विद्यार्थी लहान गटांत बसत, साध्या साहित्याने प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत नोंदवीत आणि चर्चेतून निष्कर्षापर्यंत येत. 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकात तयार उत्तरे नसत. प्रयोगाच्या सूचना आणि प्रश्न असत. शिवार, ओढा, झाडे हीच प्रयोगशाळा. मनातील शंका मुले 'सवालीराम' या काल्पनिक व्यक्तीला पत्राने कळवीत आणि त्यांना उत्तरे पाठविली जात.

पाठ रंजक करण्याचे उपाय बहुधा परीक्षेपाशी अडतात. पाठांतरच तपासले जाणार असेल, तर प्रयोग हा वेळेचा अपव्यय ठरतो. या कार्यक्रमाने ती अडचण ओळखली होती. लेखी परीक्षेत पुस्तक व वही उघडण्यास मुभा होती, शिवाय प्रात्यक्षिक परीक्षाही घेतली जाई. शिक्षकांसाठी प्रशिक्षण शिबिरे आणि मासिक बैठका होत. 'मला ठाऊक नाही, आपण करून पाहू' असे शिक्षकाने वर्गात म्हणणे उणेपणाचे मानले जात नसे.

२००२ मध्ये राज्य शासनाने कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो १५ जिल्ह्यांतील सुमारे एक हजार शाळांत पोहोचला होता. साहित्य, प्रशिक्षण आणि परीक्षा यांची तीस वर्षांत उभी राहिलेली व्यवस्था एका निर्णयाने थांबली. त्यामागचे सूत्र मात्र कालबाह्य झालेले नाही. आंबा, फणस, काजू यांची पाने गोळा करून त्यांचे गट पाडण्याचा पाठ गोव्यातील कोणत्याही शाळेच्या आवारात विनाखर्च घेता येतो. मात्र त्या पाठात मुलांचे मन रमावे असे वाटत असेल, तर वर्षअखेरच्या प्रश्नपत्रिकेतही त्या पानांना स्थान द्यावे लागेल.